बटण दाबले की बोलणारे मराठी अक्षरपुस्तक: चार महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आम्ही बंगळूरला राहतो. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, असा आमचा रोजचा व्यवहार आहे. लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा माझी प्रसूतीची आणि तिला जोडून घेतलेली रजा संपली, आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तिला सांभाळायला अक्का येऊ लागल्या. अक्कांना कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नाही. लेकीला त्या जीव लावतात, त्याबद्दल मला कधी शंका नव्हती. परंतु दिवसाचे नऊ तास तिच्या कानावर मराठीचा एकही शब्द पडणार नाही, या विचाराने मी बेचैन झाले होते. तिची बडबड तेव्हा नुकती रंगात आली होती. "बाबाबाबा", "दादादा", "मामामा" अशा अक्षरांच्या माळा ती पडल्या पडल्या ओवत असे, आणि आता केव्हाही पहिला शब्द येईल असे आम्हा सर्वांना वाटत होते. तो शब्द मराठी असावा अशी माझी फार इच्छा होती. म्हणून मी हे पुस्तक मागवले.

उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही, कारण याच घडणीची पुस्तके वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या वेष्टनांत विकली जातात, आणि मला जे सांगायचे आहे ते या संपूर्ण प्रकाराला लागू पडते. मला ते ८४९ रुपयांना मिळाले. जाड पुठ्ठ्याची १६ पाने, प्रत्येक पानावर तीन चित्रे आणि तीन अक्षरे, उजव्या कडेला पानांच्या खुणांची एक पट्टी, आणि मागच्या बाजूला तीन बारीक पेन्सिल सेलचा कप्पा, असे त्याचे स्वरूप आहे. कप्प्याचे झाकण स्क्रूने बंद होते, ही गोष्ट मी सर्वांत आधी तपासली आणि घेणाऱ्या प्रत्येकाने ती तपासावी. शर्टाच्या बटणाएवढे गोल चपटे सेल मुलाने गिळले तर अन्ननलिकेला अवघ्या दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे तसे सेल सहज निघतील असे कोणतेही खेळणे या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये. या बाबतीत पुस्तक निर्दोष आहे. कोपरे गोल आहेत, रंग जिभेला लागत नाही, चित्रे मोठी आणि मोकळ्या पार्श्वभूमीवर काढलेली आहेत. पुठ्ठ्याचे थर मात्र महिन्याभरातच सुटू लागले, कारण या वयाचे मूल पुस्तक आधी तोंडाने वाचते आणि हे बनवणाऱ्याने गृहीत धरायला हवे होते.

वेष्टनावर "वय ६ महिने व पुढे" आणि "बाळाच्या पहिल्या शब्दांसाठी" अशी दोन वाक्ये छापलेली आहेत. पुढील सर्व मजकूर या दुसऱ्या वाक्याविषयी आहे.

चित्रावर दाबले की पुस्तक त्याचा शब्द उच्चारते, एवढे ऐकल्यावर काम सोपे वाटते. प्रत्यक्षात पान उलटल्यावर कडेच्या पट्टीवरची त्या पानाची खूण आधी दाबावी लागते, तरच पुस्तकाला कोणते पान उघडले आहे ते कळते. मोठ्या माणसाच्या हे लक्षात राहते, दहा महिन्यांच्या मुलाला ते समजणे शक्यच नाही. त्यामुळे तिसऱ्याच दिवशी माझ्या लेकीने बदकावर हात ठेवला आणि पुस्तक स्वच्छ आवाजात म्हणाले, "ऐरण". तिने पुन्हा बदक दाबले, पुस्तकाने पुन्हा "ऐरण" म्हटले. मी धावत जाऊन खूण दाबली, परंतु मी कामावर असताना असे किती वेळा झाले असेल याचा हिशेब कोण ठेवणार? दुसरी अडचण याहून बारीक आहे. नवे बटण दाबताच आधीचा शब्द मध्येच तुटतो. या वयात मूल एका बोटाने दाबत नाही, पंजा आपटते. त्यामुळे पुस्तकातून "अन", "इमा", "ईडलिं" असे तुकडेच बाहेर पडत राहतात. शब्द कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हेच ज्या वयात मूल कानाने शोधत असते, त्या वयात त्याला शब्दांचे असे तुकडे ऐकवणे मला पटले नाही.

शब्दांची निवड हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. पुस्तक वर्णमालेच्या क्रमाने लावलेले आहे. अननसाचा अ, ईडलिंबाचा ई, ऐरणीचा ऐ, औताचा औ, षटकोनातला ष, क्षत्रियाचा क्ष. आपण सर्वजण याच तक्त्यावर अक्षरे गिरवली आहेत, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी तो तक्ता ठीक आहे, कारण त्या मुलाला बोलणे येत असते आणि अक्षर ओळखायचे असते. परंतु एक वर्षाच्या मुलाला अक्षर ओळखायचे नसते. षटकोन त्याला कोणी हातात देत नाही आणि ऐरण आमच्याच काय, कोणाच्याही स्वयंपाकघरात नसते. मुलाचे पहिले शब्द त्याच्या दिवसातून येतात. जे माणूस उचलून घेते त्याचे, जे तोंडात पडते त्याचे, जे दारातून आत येते आणि जे हात हलवत निघून जाते त्याचे ते शब्द असतात.

ते शब्द कसे असावेत, हे मराठी घरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मंमं, माऊ, काऊ, चिऊ, भूभू, हम्मा, जोजो, टाटा, भुर्र, बाऊ: यांतील बहुतेक शब्दांत एखादे सोपे अक्षर दुमडलेले आहे, किंवा एक सोपे व्यंजन आणि मागे स्वरांची लांबण आहे. सहाव्या-सातव्या महिन्यापासून मूल जी बडबड करते तीही अशीच असते. ओठ मिटून उघडले की "बा" आणि "मा", जीभ दातांमागे टेकून सोडली की "दा" आणि "ता". सुरुवातीला एकच अक्षर पुन्हा पुन्हा येते, पुढे "बादा", "माबा" अशी मिसळ होऊ लागते आणि तिला बोलण्याचा हेल येतो, इतका की शेजारच्या खोलीतून ऐकले तर कोणीतरी तक्रार सांगत आहे असे वाटावे. आपल्या या बाळशब्दांनी त्या बडबडीला अर्थाचे आयते माप दिलेले आहे. दूध पिताना मुलाचे तोंड अडलेले असते आणि नाकातून "म्"सारखा हुंकार निघतो, पुढे भूक लागली की तोच हुंकार मूल मागणीसाठी वापरते, आणि म्हणून जगातल्या कितीतरी भाषांत आईच्या नावात "म" येतो, अशी उपपत्ती रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने मांडली होती. मराठीत आईला "आई" म्हणतात. त्यात एकही व्यंजन नाही. आपल्याकडचा तो "म" जेवणाकडे गेला, त्याचे "मंमं" झाले, आणि उरलेला आईच्या भावाकडे गेला. माझ्या लेकीने "मामामा" सुरू केले तेव्हा सांगलीहून व्हिडिओ कॉलवर असलेल्या माझ्या भावाने तो आवाज आपल्या नावे करून घेतला आणि मी नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलीचा पहिला शब्द मामाचा, असे आईने जाहीरही केले. मी तिला सांगितले की तो अजून शब्द नाही. शब्द म्हणायला तोच आवाज, त्याच अर्थाने, कोणी शिकवत नसताना, वेगवेगळ्या प्रसंगी यावा लागतो. आई म्हणाली, "येईल गं, तू ओ देत राहा."

हे बाळशब्द पुस्तकात एकही नाहीत. गाईच्या चित्रावर दाबले की "ग गाईचा" असे ऐकू येते. घरात आम्ही तिला खिडकीतून दिसणारी गाय "हम्मा" म्हणून दाखवतो.

उच्चारांबद्दलही सांगितले पाहिजे. "कमळ"मधला ळ पुस्तकात ल होऊन आला आहे, आणि "चमचा" व "चाक" या शब्दांतला च मराठीसारखा दातांजवळून न येता हिंदीसारखा टाळूवरून येतो. आवाज कसलेला आहे, पण ज्याच्या घरी मराठी बोलतात अशा माणसाचा तो नसावा. ही गोष्ट किरकोळ नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की कॅनडातील इंग्रजी भाषक घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना हिंदीतला त आणि ट यांतला फरक ऐकू येत होता, परंतु दहा ते बारा महिन्यांपर्यंत तो बहुतेकांच्या कानातून निघून गेला, कारण त्यांच्या भोवतालच्या भाषेला त्या फरकाची गरज नव्हती. म्हणजे पहिला शब्द येण्याआधीच कान आपल्या घरच्या ध्वनींवर बसत असतो. हे वाचल्यावर मला पुस्तकातल्या ल आणि च यांची धास्ती वाटली होती. ती पुढे दुसऱ्या एका अभ्यासाने गेली, आणि त्याच अभ्यासाने पुस्तकावरचा माझा विश्वासही गेला. सिॲटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी मुलांना चिनी मँडरिन भाषेची बारा सत्रे दिली. ज्या मुलांपुढे बसून चिनी बोलणाऱ्या व्यक्ती खेळल्या आणि वाचून दाखवू लागल्या, त्या मुलांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. ज्यांना तेच बोलणे ध्वनिमुद्रणातून किंवा पडद्यावरून ऐकवले, त्यांच्यात असा काहीही फरक पडला नाही. पुस्तकातला सदोष ळ माझ्या मुलीला चिकटणार नव्हता, हे खरे. परंतु मग त्यातले निर्दोष शब्दही चिकटणार नव्हते.

असे का होते, ते मला घरातल्या जमिनीवर बसूनच नीट दिसले. दहाव्या महिन्यात लेक बोटाने दाखवू लागली होती. पंख्याकडे बोट करायची आणि लगेच वळून माझ्या तोंडाकडे पाहायची. मी "पंखा, गरगर" म्हटले की पुन्हा पंख्याकडे बघून "गा" असे काहीतरी म्हणायची. दाखवणे, वळून पाहणे, ऐकणे आणि पुन्हा आवाज काढणे, अशी ती एक फेरी असे. पुस्तक मांडीवर आले की हेच बोट दाबण्याच्या कामाला लागे. दाबले, आवाज आला, पुन्हा दाबले. त्या अर्ध्या तासात ती माझ्याकडे एकदाही वळून पाहत नसे, आणि माझ्या ध्यानात आले की मीही गप्प बसत होते, कारण पुस्तक बोलत असताना आपण बोलणे उगाचच वाटते. ॲना सोसा यांनी अमेरिकेत 10 ते 16 महिन्यांच्या मुलांच्या 26 जोड्यांवर (मूल आणि त्याचे पालक अशी एक जोडी) केलेल्या आणि 2016 साली छापून आलेल्या अभ्यासात हेच नोंदवले आहे: आवाज करणारी विजेरी खेळणी हाती असताना पालक कमी शब्द बोलले, देवाणघेवाण कमी झाली, आणि साध्या पुस्तकाच्या तुलनेत मुलांनीही कमी आवाज काढले. कॉर्नेल विद्यापीठात गोल्डस्टीन आणि श्वेड यांनी 2008 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. साडेनऊ महिन्यांच्या मुलाने आवाज काढल्याबरोबर आईने उत्तर दिले, तर त्या उत्तरातल्या ध्वनींची घडण मूल आपल्या बडबडीत उचलते. तेच बोलणे मुलाच्या आवाजाशी संबंध न ठेवता अवेळी कानावर पडले, तर उचलत नाही. पुस्तक बटणाला उत्तर देते. मुलाने काढलेल्या आवाजाला ते उत्तर देऊ शकत नाही. "ओ देत राहा", असे माझ्या आईने हेच त्या सर्वांपेक्षा कितीतरी सोप्या शब्दांत सांगितले होते.

आता पहिल्या शब्दाविषयी. साडेबाराव्या महिन्यात एका संध्याकाळी मी दार उघडून आत आले. अक्का तिला कडेवर घेऊन उभ्या होत्या. लेकीने हात पुढे केला, पंजा मिटला, उघडला आणि म्हणाली, "बा". माझ्या पाठोपाठ आत आलेल्या नवऱ्याला आनंद झाला, कारण त्याला "बाबा" ऐकू आले. अक्का हसल्या. कन्नडमध्ये "बा" म्हणजे "ये". त्या दिवसभर तिला "बा पुट्टी, बा" असे बोलावत असतात, पंजा तसाच मिटून उघडत. पुढच्या दोन दिवसांत ती बाल्कनीतल्या कबुतराला "बा" म्हणाली, पलंगाखाली गेलेल्या चेंडूला "बा" म्हणाली, आणि रात्री पाळण्यातून मला "बा" म्हणाली. बडबडीतल्या "बाबाबा"मधून बाबा ऐकू येणे आणि "बा, बा" अशी हाक ऐकू येणे, दोन्ही शक्य होते. ती हाक ज्यांनी रोज ओळखली आणि जिला लगेच उत्तर दिले, त्यांच्या भाषेत तो शब्द झाला. तीन-साडेतीन महिने मराठी बोलणारे पुस्तक घरात असताना माझ्या मुलीचा पहिला शब्द कन्नड निघाला. मला क्षणभर वाईट वाटले, हे खरे. दुसऱ्याच क्षणी अक्कांचा चेहरा पाहिला आणि ते वाईट वाटणे ओसरले. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे असतात आणि दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले तेव्हा उरलीसुरली काळजीही गेली. आज पंधराव्या महिन्यात "बा", "मंमं", "अक्का", "टाटा", "काऊ" असे पाच शब्द निश्चित आहेत.

ज्यांचे मूल उशिरा बोलत आहे आणि त्या काळजीने जे हे पुस्तक घेऊ पाहत आहेत, त्यांना एक विनंती आहे. या पुस्तकाचा आवाज मोठा आहे. कमी केला तरी आपल्या बोलण्यापेक्षा मोठाच राहतो. मूल त्या आवाजाकडे वळले म्हणजे त्याला नीट ऐकू येते असे समजू नये, कारण थोडे कमी ऐकू येणारे मूलही मोठ्या आवाजाकडे वळते आणि बोलण्यातले बारीक ध्वनी मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. अकरा महिन्यांपर्यंत "बाबाबा", "दादादा" अशी स्पष्ट अक्षरांची बडबड सुरू झाली नसेल, किंवा सुरू होऊन बंद पडली असेल, तर आधी कान तपासावेत. "मुलगे उशिराच बोलतात", "जिभेला वेखंड लावा, बोलेल" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यावर विसंबून महिने घालवू नयेत. तपासणी सोपी आहे, मूल झोपलेले असतानाही होते, आणि त्यासाठी मोठा खर्च करावाच लागतो असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून मदत करणारी केंद्रे) आहेत, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, आणि आमच्यासारख्या कर्नाटकात राहणाऱ्यांना मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था जवळ आहे.

पुस्तक घ्यावे का? पहिल्या शब्दांसाठी म्हणून घेऊ नये. चार-पाच वर्षांच्या, अक्षरे ओळखू लागलेल्या मुलाला ते उपयोगी पडेल, तेही कोणी शेजारी बसून पानाची खूण दाबणारे असेल तर, आणि ळ व च यांचे उच्चार स्वतः करून दाखवणारे असेल तर. ८४९ रुपयांच्या ऐवजी मी घरातल्याच बारा गोष्टींचे फोटो छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, भोके पाडून दोऱ्याने बांधले. त्यात चमचा आहे, पंखा आहे, सांगलीची आजी आहे, मामा आहे, अक्का आहेत, खिडकीतली हम्मा आहे. अक्का त्यातल्या चमच्याला कन्नडमध्ये काय म्हणायचे ते म्हणतात, मी मराठीत म्हणते.

दुकानात परत करण्याची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळे बोलणारे पुस्तकही घरात आहे. गेल्या महिन्यात मी त्यातले तिन्ही सेल काढून टाकले. पहिल्या दिवशी लेकीने बदकावर बोट दाबले. आवाज आला नाही. तिने पुन्हा दाबले, थोडी थांबली, आणि बोट तसेच चित्रावर ठेवून मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "बदक". तिने बोट उचलले नाही. "बद," ती म्हणाली, आणि मी पुन्हा म्हणावे म्हणून वाट पाहत राहिली.